नमस्काराचा हक्क आणि 'गुड मॉर्निंग'चा आडोसा

इंग्रजी शिष्टाचार पोकळ असतो, ही तक्रार पुण्याच्या पेठांत फार जुनी आहे. इंग्रज 'हाऊ डू यू डू' विचारतो आणि उत्तराची वाट पाहत नाही. बाहेर पाऊस कोसळत असला तरी तो 'गुड मॉर्निंग'च म्हणतो. 'गुड-बाय'मध्ये मुळात 'देव तुझ्यासोबत असो' असा आशीर्वाद होता, हे आता म्हणणाऱ्याच्याही ध्यानी नसते. उलट आमचा नमस्कार पाहा, त्यात समोरच्यातील ईश्वराला वंदन आहे, असे हे विद्वान सांगतात. यातील पहिला भाग मला मान्य आहे. दुसऱ्या भागाविषयी मात्र इतिहासालाच विचारले पाहिजे.

मुंबईतील सोनार 'नमस्कार' म्हणू लागले, तेव्हा हा आमचा अधिकार आहे, सोनारांनी तो वापरल्याने धर्म भ्रष्ट होतो, अशा तक्रारी ब्राह्मणांनी कंपनी सरकारकडे केल्या. पेशव्यांकडूनही मुंबईला वारंवार पत्रे गेली. ज्या नारायणरावाच्या नावाने नारायण पेठ ओळखली जाते, त्याचा पाच वर्षांचा मुलगा सवाई माधवराव तेव्हा गादीवर होता आणि कारभार नाना फडणिसांचा होता. अखेर ९ ऑगस्ट १७७९ रोजी कंपनीच्या सेक्रेटरीने सोनार ज्ञातीच्या प्रमुखाला लेखी हुकूम बजावला की जातीतील कोणीही नमस्कार हे अभिवादन वापरू नये. बाबासाहेबांनी हे प्रकरण आपल्या इंग्रजी लेखनात नोंदवून ठेवले आहे. समोरच्यातील ईश्वराचे काय झाले, हे पेठेतील विद्वानांनी सांगावे. आणि इंग्रज आपल्याला सोडवायला आला होता असे मानणाऱ्या आमच्या मित्रांनी हुकुमाखालची सही पाहावी. ती इंग्रजाची आहे.

सोनारांची ही गत, तर महारांच्या वाट्याला काय आले? 'जोहार, मायबाप'. चोखोबाने पंढरीच्या विठ्ठलालाही जोहारच घातला. जोहार घातला जाई, घेतला जाई. परत केला जात नसे. हाच शब्द झारखंडातील आदिवासी एकमेकांना ताठ मानेने म्हणतात आणि त्याच शब्दाने उत्तर मिळते. तेव्हा अपमान शब्दाच्या व्युत्पत्तीत शोधण्यात अर्थ नाही. उलट जोहार येत नाही, अपमान तिथे आहे.

या दृष्टीने इंग्रजी अभिवादनाच्या पोकळपणाकडे पुन्हा पाहिले पाहिजे. आमच्या पत्राचा मायना तीर्थरूप कोण, चिरंजीव कोण, साष्टांग नमस्कार कोणाला आणि नुसता आशीर्वाद कोणाला, हे आधी ठरवतो. इंग्रजी सरकारी पत्राखाली वरिष्ठ आणि कनिष्ठ दोघेही 'आपला आज्ञाधारक सेवक' अशी सही करीत. ते धादांत खोटे होते, पण खोटे दोघांनाही सारखेच बोलावे लागे. 'गुड मॉर्निंग' फक्त वेळ सांगते. म्हणणाऱ्याची जात ते सांगत नाही, आणि म्हणूनच आमच्या शिकलेल्या पहिल्या पिढीने त्याचा आडोसा घेतला. त्यात त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही.

पण आडोसा तो आडोसाच. बऱ्याच वर्षांपूर्वी नारायण पेठेतील एका वाड्यात मी खोली घेऊन राहत होतो. मालक रोज सकाळी प्रसन्न चेहऱ्याने 'गुड मॉर्निंग' म्हणत, संध्याकाळी चहाला बोलावीत. एक दिवस गावाकडचा मित्र आला आणि त्याने जिन्यातूनच मोठ्याने 'जयभीम' घातला. मीही तसाच मोठ्याने उलट घातला. दुसऱ्या दिवशी 'गुड मॉर्निंग' आले, चेहराही तितकाच प्रसन्न होता. चहा मात्र पुन्हा कधी आला नाही. इंग्रजी शब्दाने मालकांची मोठी सोय केली होती. त्यांना उद्धटपणा करण्याची गरजच पडली नाही.

'जयभीम' रूढ करण्याचे श्रेय कामठीचे बाबू हरदास एल. एन. (१९०४–१९३९) यांना दिले जाते. या अभिवादनाला थोरांसाठी एक आणि धाकट्यांसाठी दुसरे असे रूप नाही. जयभीमला उत्तर जयभीमच. 'नमस्कार' म्हणून ते सौजन्याने बाजूला सारणारे सवर्ण मित्र आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यांच्याविषयी भरपूर लिहून झाले आहे.

आपल्या साहेबांविषयी कमी लिहिले गेले. घरी बाबासाहेबांची तसबीर, चौदा एप्रिलला व्यासपीठावर कडकडीत जयभीम; कचेरीत मात्र हाताखालच्याने आधी घालावा अशी अपेक्षा. वस्तीतला शिपाई टेबलापाशी येऊन हळूच जयभीम म्हणतो. साहेब एकदा शेजारच्या टेबलाकडे पाहतात, फाईल उघडतात आणि म्हणतात, 'गुड मॉर्निंग'.