महानायकांच्या संमिश्र चित्रकथा-पत्रिका (सुवर्णयुग)

अमेरिकेत सुमारे १९३८ ते १९५१ या काळात भरभराटीस आलेला लोकप्रिय साहित्यप्रकार. अमानवी सामर्थ्य असलेला, अंगासरशा रंगीत पोशाखातील आणि बहुधा दुहेरी आयुष्य जगणारा नायक हा या पत्रिकांचा विशेष होय. त्यांच्या अभ्यासकांनी या कालखंडाला ‘सुवर्णयुग’ असे नाव दिले आहे. हे नाव गुणवत्तेपेक्षा गतकाळाच्या ओढीतून आले आहे, हे लक्षात ठेवणे इष्ट ठरते.

या नायकांची चर्चा आज एकेका नायकाच्या नावाने होते. मूळ वाचकासमोर मात्र ते तसे आले नव्हते. दहा सेंटला मिळणाऱ्या ६४ पानी अंकात आठ-दहा स्वतंत्र कथा असत आणि महानायक हा त्यांतील एक असे. सुपरमॅन ज्यात प्रथम अवतरला त्या ॲक्शन कॉमिक्सच्या पहिल्या अंकात (जून १९३८) त्याच्या वाट्याला तेरा पाने आली. उरलेल्या पानांत झटारा हा जादूगार, गुराखी चक डॉसन, मुष्टियोद्धा पेप मॉर्गन, वार्ताहर स्कूप स्कॅन्लन, शिवाय मार्को पोलोचा प्रवास अशी सरमिसळ होती. टपालाची सवलत मिळावी म्हणून दोन पाने निव्वळ मजकुराचीही असत. ती फारसे कोणी वाचत नसावे. वृत्तपत्रांतील चित्रमालिकांचे पुनर्मुद्रण करणाऱ्या फेमस फनीज (१९३४) यासारख्या पत्रिकांनी हा साचा घडविला होता. माल्कम व्हीलर-निकल्सन याने १९३५ मध्ये न्यू फन या पत्रिकेत नवे साहित्य छापण्यास आरंभ केला आणि त्या साच्याला स्वतःचे लेखक व चित्रकार मिळाले.

जेरी सीगल (१९१४–९६) व जो शूस्टर (१९१४–९२) या क्लीव्हलंडच्या दोन तरुणांची सुपरमॅनची कल्पना वृत्तपत्रसंस्थांनी वारंवार नाकारली होती. पत्रिकेसाठी त्यांनी वृत्तपत्री पट्ट्या कापून पानांवर चिकटविल्या आणि जागेअभावी आरंभीचा भाग गाळावा लागला. (तो पुढे १९३९ मध्ये सुपरमॅनच्या स्वतंत्र अंकात छापला गेला.) परिणामी कथा एका पानात नायकाचा जन्म आटोपून थेट मध्यरात्रीच्या धावपळीत शिरते. प्रकाराची पुढे रूढ झालेली गती अशा काटछाटीतून जन्मली. त्या तेरा पानांत सुपरमॅन एका निरपराध स्त्रीचा मृत्युदंड टाळतो, पत्नीला मारणाऱ्या पुरुषाला धडा शिकवितो आणि एका भ्रष्ट सेनेटरामागे लागतो. जानेवारी १९३९ च्या कथेत तर तो गलिच्छ वस्ती जमीनदोस्त करतो, जेणेकरून शासनाला तेथे नवी घरे बांधणे भाग पडावे. मंदीच्या काळातील हा संतप्त सुधारक नंतरच्या कायदाप्रिय सुपरमॅनहून कितीतरी सजीव वाटतो. प्रकाशकाला त्याचे महत्त्व उशिरा उमगले. दुसऱ्या ते सहाव्या अंकाच्या मुखपृष्ठांवर तो नाही.

बॅटमॅन (डिटेक्टिव्ह कॉमिक्स, मे १९३९) याचा पहिला प्रवेश अवघ्या सहा पानांचा असून त्याचे कथानक ‘शॅडो’ या स्वस्त ‘पल्प’ मासिकातील नायकाच्या एका कथेवर बेतलेले आहे. येथे आकर्षण रचनेचे नसून वातावरणाचे होते. लेखक बिल फिंगर (१९१४–७४) याचे नाव निर्माता म्हणून अनेक दशके छापले गेले नाही. ते श्रेय बॉब केन (१९१५–९८) याच्या एकट्याच्या नावे राहिले. फिंगरला अधिकृत मान्यता २०१५ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर ४१ वर्षांनी मिळाली.

संमिश्र अंकाचा खरा गुण शेजारात दिसतो. टाइम्ली या प्रकाशनसंस्थेच्या मार्व्हल कॉमिक्स (ऑक्टोबर १९३९) या पत्रिकेत कार्ल बर्गोस याचा अग्निरूप ‘ह्यूमन टॉर्च’ व बिल एव्हरेट याचा जलवासी ‘सब-मरीनर’ एकाच अंकात वेगवेगळ्या कथांत वावरत होते. १९४० मध्ये दोघांना समोरासमोर आणण्यात आले. पाणी आणि आग यांचे हे युद्ध दोन अंक चालले आणि तिसऱ्या अंकात एका पानात मिटले. शेवट फसवा आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु वेगवेगळ्या कथांतील पात्रे एकाच नगरात राहतात ही जाणीव वाचकाला येथे झाली. ऑल स्टार कॉमिक्सच्या तिसऱ्या अंकाने (हिवाळा १९४०) तिला संस्थेचे रूप दिले. गार्डनर फॉक्स (१९११–८६) याच्या लेखनातून साकारलेल्या ‘जस्टिस सोसायटी’त निरनिराळ्या पत्रिकांतील आठ नायक एकत्र जेवावयास बसतात आणि प्रत्येक जण आपली हकिकत सांगतो. चौकट जुनी, आपल्या वेताळपंचविशीसारख्या कथामालांतूनही परिचित अशी आहे. प्रत्येक प्रकरण त्या त्या नायकाच्या नेहमीच्या चित्रकाराने काढल्यामुळे शैलींचा मेळ बसत नाही, आणि तो न बसणे हेच या अंकाचे सौंदर्य होय.

संमिश्र पत्रिकेत पात्रांची निवड वाचकच करीत. फ्लॅश कॉमिक्समधील जॉनी थंडर या विनोदी नायकाच्या कथेत १९४७ मध्ये ‘ब्लॅक कॅनरी’ ही दुय्यम पात्र म्हणून आली आणि थोड्याच अंकांत तिने त्याची पानेच बळकाविली.

कलादृष्ट्या दोन पत्रिकांचा विशेष उल्लेख करावा लागेल. व्हिझ कॉमिक्समधील (फेब्रुवारी १९४०) कॅप्टन मार्व्हल हा बिल पार्कर व सी. सी. बेक (१९१०–८९) यांची निर्मिती. एक मंत्रशब्द उच्चारताच बिली बॅटसन हा अनाथ मुलगा महावीर होतो. बालवाचकाची इच्छा इतक्या सरळपणे क्वचितच मांडली गेली असेल. बेकची स्वच्छ, मोजकी रेषा व पुढे ऑटो बाइंडर (१९११–७४) याचे मिस्कील लेखन यांमुळे या कथांना परीकथेचा प्रसन्नपणा लाभला. पोलीस कॉमिक्समध्ये (ऑगस्ट १९४१) जॅक कोल (१९१४–५८) याचा ‘प्लॅस्टिक मॅन’ आला. हवा तसा ताणला जाणारा हा नायक कधी खुर्ची तर कधी गालिचा होऊन चौकटीत लपतो आणि वाचक त्याला शोधत राहतो. महानायकाच्या गांभीर्याची एवढी निरोगी थट्टा त्या काळात दुसऱ्या कोणी केली नाही.

दोषांकडे डोळेझाक करता येत नाही. बहुसंख्य कथा घाईने, चित्रकारांच्या सामूहिक कार्यशाळांत तयार होत; शरीररचना व पार्श्वभूमी यांत निष्काळजीपणा आढळतो. जो सायमन व जॅक कर्बी यांच्या ‘कॅप्टन अमेरिका’ने अमेरिका युद्धात उतरण्यापूर्वीच हिटलरला ठोसा मारला (अंक मार्च १९४१) ते धैर्याचे होते, परंतु युद्धकाळात जपानी माणसाचे जे विद्रूप चित्रण सर्वच पत्रिकांत झाले, ते शत्रूविषयीच्या रागाने समर्थनीय ठरत नाही. कॅप्टन मार्व्हलचा स्टीमबोट हा कृष्णवर्णीय नोकर १९४५ मध्ये विद्यार्थ्यांच्या आक्षेपानंतर वगळण्यात आला, म्हणजे त्या काळच्या वाचकांनाही हे खटकत होते. मानसशास्त्रज्ञ विल्यम मोल्टन मार्स्टन (१८९३–१९४७) याने निर्मिलेली ‘वंडर वुमन’ सेन्सेशन कॉमिक्समध्ये (जानेवारी १९४२) पुरुषांना सहज हरविते. जस्टिस सोसायटीत मात्र तिला चिटणीसाचे काम देण्यात आले.

सर्वांत मोठा अन्याय निर्मात्यांवर झाला. सीगल व शूस्टर यांनी सुपरमॅनचे सर्व हक्क १३० डॉलरांना विकले. पात्रावर कोट्यवधींचा व्यवसाय उभा राहिला. त्यांना वार्षिक मानधन व नामोल्लेख १९७५ मध्ये, जाहीर तक्रारीनंतर मिळाला. हक्कांच्या याच लढाईत कॅप्टन मार्व्हलचाही बळी गेला. तो सुपरमॅनची नक्कल असल्याचा दावा नॅशनल कॉमिक्सने लावला आणि दीर्घ खटल्यानंतर १९५३ मध्ये फॉसेट या प्रकाशनसंस्थेने तडजोड करून त्याचे प्रकाशन थांबविले. अधिक चांगले लिहिले गेलेले पात्र अशा रीतीने बंद पडले, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

युद्धानंतर या नायकांची लोकप्रियता ओसरली. फ्लॅश कॉमिक्स १९४९ मध्ये बंद पडले. ऑल स्टार कॉमिक्स १९५१ मध्ये गुराख्यांच्या कथांकडे वळले. फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञाची टीका, सेनेट समितीची चौकशी व व्यवसायाने स्वतःवर लादलेली नियमावली (१९५४) यांना या ऱ्हासाचे कारण समजले जाते; पण कालक्रम पाहता बहुतेक महानायक त्यापूर्वीच अस्तास गेले होते. कागदटंचाई व वाढता खर्च यांमुळे पानेही घटत जाऊन अखेरीस ३२ झाली आणि आठ-दहा कथांना जागा उरली नाही.

१९८९ पासून जुन्या कथांची देखणी पुनर्मुद्रणे निघाली. त्यांची योजना नायकवार आहे: सुपरमॅनच्या कथा एका ग्रंथात, बॅटमॅनच्या दुसऱ्यात. चक डॉसन, पेप मॉर्गन यांसारख्यांना त्यांत स्थान नाही. सोय म्हणून हे ठीक आहे. परंतु दहा सेंटांत मुलाच्या हाती पडणारा तो दाटीवाटीचा, अर्धा फसलेला, पान उलटताच रंग बदलणारा अंक अशा ग्रंथांतून कळत नाही. त्यासाठी संपूर्ण अंकच, जाहिराती व मजकुराच्या पानांसह, पाहावा लागतो.