भायखळा क्लबाचा इतिहास : एक अभिप्राय

मुंबई बंदरांतील इंग्रजांनीं १८३३ सालीं भायखळा क्लब स्थापिला. त्याचा १९१६ पर्यंतचा इतिहास सॅम्युएल शेपर्ड यांनीं त्याच सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. शेपर्ड हे पुढें 'टाइम्स ऑफ इंडिया'चे संपादक झाले.

स्थलनामाविषयीं प्रथम थोडें. 'भायखळा' म्हणजे बहाव्याचें खळें, अशी एक व्युत्पत्ति सांगतात. उत्तरपद संस्कृत 'खल' होय, यांत शंका नाहीं. पूर्वपदाविषयीं कोणी शंका घेईल. परंतु 'बहीण'ची 'भैण' होते, तेथें 'बहा'चा 'भा' होण्यास आम्हांस अडचण दिसत नाहीं.

ग्रंथाचा मुख्य दोष दृष्टीचा आहे. हा क्लबाच्या दिवाणखान्यांतून पाहिलेला इतिहास होय. हिंदी गृहस्थास तेथें सभासद होतां येत नसे. हिंदी व युरोपीय दोघांसही घेणारा विलिंग्डन क्लब मुंबईंत १९१७ सालीं निघाला. म्हणजे शेपर्डांची लेखणी थांबली तेथूनच खरा प्रश्न पुढें चालतो. निदान माडगांवकरांचें 'मुंबईचें वर्णन' (१८६३) शेजारीं ठेवूनच हा ग्रंथ वाचावा.

दुसरी बाजू मोडींत सांपडण्याजोगी आहे. अशा क्लबांस दाणावैरण, दूध, नोकरमाणसें पुरविणाऱ्यांनीं हिशेब कोठें तरी लिहिले असणारच. पण आमच्या सांगली-साताऱ्याकडे पेशवाईनंतरची वही दिसली कीं 'वाण्याची' म्हणून ती रद्दींत जाते. शिक्का नाहीं, एवढाच तिचा अपराध! संग्राहकांनीं मुंबईच्या व्यवहाराची अशी वही आढळल्यास तिचें साल, गांव व मालकाचें नांव तरी टिपून घ्यावें.