नसिबाचा रंग, इजाजतीचा रंग

मुलांच्या खेळांकडे समीक्षेच्या नजरेने पाहण्याची आपल्याकडे फारशी रीत नाही. कथा, कविता, कादंबरी, फार तर नाटक-सिनेमा, इथपर्यंत आपली समीक्षा येते आणि थांबते. पण आपल्या घरांतली मुले ज्या गोष्टींत तासन् तास रमतात, त्या गोष्टींनाही कथानक असते, पात्रे असतात आणि न सांगता शिकवलेली एक नीतीही असते. ती नीती कोणती, हे तपासणे समीक्षेचेच काम आहे, असे आम्हाला वाटते. म्हणून इथे आम्ही 'पोकेमॉन' हा जपानी व्हिडिओ गेम घेतला आहे आणि त्यातलीही एकच बाब घेतली आहे. जो रंग खेळाच्या पोटात आहे, पण खेळणाऱ्याच्या हाती येऊ दिला जात नाही, त्या रंगाविषयी हे विवेचन आहे.

ज्यांचा या खेळाशी संबंध आलेला नाही, त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. सातोशी ताजिरी नावाच्या माणसाला लहानपणी किडे, भुंगेरे गोळा करण्याचा नाद होता. टोकियोच्या बाजूची शेते आणि तळी पुढे इमारतींखाली गेली आणि किडे शोधायच्या जागाही गेल्या. तो हरवलेला आनंद शहरातल्या मुलांना परत मिळावा, या कल्पनेतून त्याने आपल्या सहकाऱ्यांबरोबर हा खेळ रचला. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी तो जपानमध्ये बाजारात आला. रानावनात, गुहांत, पाण्यात भटकायचे, तऱ्हेतऱ्हेचे काल्पनिक जीव पकडायचे, वाढवायचे आणि मित्रांशी त्यांची अदलाबदल करायची, असे त्याचे स्वरूप. आपल्या मुलांना पिकाचू भेटला तो बहुतेक टीव्हीवरच्या हिंदी कार्टूनमधून. पुढे डिसेंबर २०१६ मध्ये 'पोकेमॉन गो' हा मोबाइलवरचा अवतार भारतात अधिकृतपणे आला आणि मुले हातात फोन घेऊन गल्लीबोळांत जीव शोधत फिरू लागली.

आता रंगाची गोष्ट. १९९९ साली आलेल्या 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर' या भागांत प्रत्येक जीवाला त्याच्या नेहमीच्या रंगाखेरीज आणखी एक रंग दिला गेला. जपानी मुले अशा जीवाला 'इरोचिगाई' म्हणतात, म्हणजे वेगळ्या रंगाचा. इंग्रजीतून 'शायनी' हा शब्द रूढ झाला, कारण असा जीव समोर येतो तेव्हा त्याच्याभोवती चांदण्या चमकतात. ताकदीत तो इतरांपेक्षा वरचढ असेलच असे नाही. फरक फक्त रंगाचा. पण तो भेटण्याची शक्यता ८,१९२ मध्ये एक होती. २०१३ च्या 'एक्स' आणि 'वाय' या भागांपासून ती दुप्पट होऊन ४,०९६ मध्ये एक झाली.

या आकड्यांत एक न्याय आहे, तो नीट पाहायला हवा. जीव समोर येताना यंत्र आतल्या आत चिठ्ठी काढते. ती चिठ्ठी काढताना ते खेळणाऱ्याचे नाव विचारत नाही, बापाचा पगार विचारत नाही, मोहल्ला विचारत नाही. बंगल्यातल्या मुलाला ८,१९२ मध्ये एक आणि जुन्या बाजारातून घेतलेल्या खेळण्यावर खेळणाऱ्या मुलालाही ८,१९२ मध्ये एक. मेहनतीलाही इथे वाव आहे, पण मेहनतीची हमी नाही. ८,१९२ वेळा प्रयत्न केला तरी शंभरातल्या सुमारे सदतीस जणांच्या पदरी काहीच पडत नाही. पण पुढच्या प्रयत्नाची चिठ्ठी तितकीच कोरी असते. आपल्या आजीच्या भाषेत सांगायचे, तर नसीब रुसलेले असेल, पण दार बंद नसते.

ही शक्यता वाढवण्याचे मार्गही खेळाने पुढे दिले. त्यातला एक मार्ग आम्हाला विशेष भावतो. २००६ च्या 'डायमंड' आणि 'पर्ल' या भागांपासून वेगवेगळ्या भाषांतल्या खेळांतून आलेल्या दोन जीवांची जोडी जमवली, तर त्यांच्या अंड्यातून वेगळ्या रंगाचे पिल्लू निघण्याची शक्यता वाढते. खेळणाऱ्यांनी या रीतीला खेळाचे एक निर्माते जुनिची मासुदा यांचे नाव दिले आहे. घरात एक बोली आणि बाहेर मराठी असे दुहेरी आयुष्य जगणाऱ्या आपल्यासारख्यांना, दोन भाषांच्या मिलनातून नवा रंग जन्मतो ही कल्पना समजावून सांगावी लागणार नाही.

त्याच १९९९ च्या भागांत या रंगाचा कथेतला पहिला मोठा प्रवेश आहे. एका तळ्यात तांबड्या रंगाचा ग्याराडोस नावाचा प्रचंड जीव थैमान घालत असतो. एरवी ग्याराडोस निळा असतो. तांबडा असतो तो त्याचा आधीचा अवतार, मॅजिकार्प नावाचा दुबळा मासा. 'टीम रॉकेट' ही गुन्हेगारांची टोळी रेडिओच्या लहरींनी तळ्यातल्या माशांना वेळेआधी मोठे व्हायला भाग पाडते आहे, हे कथेत पुढे उघड होते. म्हणजे हा तांबडा रंग नुसती शोभा नाही. जबरदस्तीने ज्याचे बालपण हिरावले गेले, त्याच्या अंगावर राहिलेली ती खूण आहे, असा त्याचा अर्थ आम्ही लावतो. आणि हा जीव त्या वाटेने जाणाऱ्या प्रत्येक खेळणाऱ्याला भेटतो, इथे चिठ्ठी नाही. दुर्मीळ रंग एकदा सर्वांना सारखा दाखवून मग बाकीचे नसिबावर सोडणे, ही लेखकाची उदारता आहे. चांगला कथाकार असेच करतो.

मग हे बिघडले कुठे? बीज तसे पहिल्या भागातच होते. १९९६ च्या खेळात म्यू नावाचा एक जीव आत लपवलेला होता, पण खेळाच्या सरळ वाटेने तो कुणालाच भेटत नसे. 'कोरोकोरो' या जपानी मासिकातून तो वीस जणांना देण्याचे जाहीर झाले, तेव्हा सुमारे ७८ हजार अर्ज आले. सोडत जाहीर होती, वीस जागा जाहीर होत्या, त्यामुळे फसवणूक कुणाची झाली नाही. पण खेळातली एक वस्तू खेळून नव्हे, तर वाटपातून मिळते, ही रीत तिथे पडली.

रंगाच्या बाबतीत ती रीत २०१० च्या 'ब्लॅक' आणि 'व्हाइट' या भागांत नव्या रूपात आली. त्यांतले रेशिराम आणि झेक्रॉम हे दोन ड्रॅगन आणि व्हिक्टिनी हा छोटा जीव यांना तिथे वेगळ्या रंगात भेटणे अशक्य करून ठेवले होते. चिठ्ठी त्यांच्यापुरती बंद. खेळणारे याला 'शायनी लॉक' म्हणतात, आपण रंगावरचे कुलूप म्हणू. पुढे 'एक्स' आणि 'वाय' मध्ये म्यूटू, झेर्नियस, इवेल्टाल यांना ते लागले. २०१९ च्या 'सोर्ड' आणि 'शील्ड' मध्ये झाशियन, झामाझेंटा, इटर्नेटस यांना लागले. २०२२ च्या 'स्कार्लेट' आणि 'व्हायोलेट' मध्ये तर सुरुवातीलाच हाती दिला जाणारा पहिला सोबतीही या कुलपाआड गेला. त्याच्या पुढच्या पिल्लांना मात्र वेगळा रंग येऊ शकतो.

कुलपाच्या बाजूनेही बोलले पाहिजे. रेशिराम पांढरा आहे आणि कथेत तो सत्याच्या बाजूने उभा आहे. झेक्रॉम काळा आहे आणि तो आदर्शाचा कैवारी आहे. सारी कथा या काळ्या-पांढऱ्याच्या जोडीवर उभी असताना ऐन प्रसंगी ड्रॅगन भलत्याच छटेत आला, तर प्रसंगाचा तोल जाईल, असे लेखकाने म्हटले तर त्यात तथ्य आहे. नाटकातल्या राजाने कोणता अंगरखा घालायचा, हे प्रेक्षकाच्या नशिबावर सोडता येत नाही. शिवाय पहिला सोबती वेगळ्या रंगाचाच हवा, म्हणून मुले खेळ सुरू करण्याआधीच आठवडे वाया घालवतात. कुलूप त्यांना त्या नादातून वाचवते, असेही म्हणता येईल. ही दोन्ही कारणे आम्ही मान्य करतो.

आमची तक्रार कुलपाबद्दल नाही, कुलपाबद्दलच्या मौनाबद्दल आहे. या जीवांना वेगळा रंग इथे मिळणार नाही, असे खेळात कुठेही लिहिलेले नाही. उलट, एरवी कोणताही जीव वेगळ्या रंगात येऊ शकतो, अशी शिकवण खेळानेच वर्षानुवर्षे दिलेली आहे. मग मूल काय करते? त्या जीवाच्या दाराशी खेळ साठवून ठेवते, आत जाते, रंग पाहते, यंत्र बंद करते, पुन्हा चालू करते. शंभर वेळा, हजार वेळा. शक्यता चार हजारांत एक असेल, तर या वेडाला आशेचा आधार असतो. शक्यता शून्य असेल, तर तेच वेड म्हणजे त्या मुलाची थट्टा आहे. बाहेरून दोन्ही अगदी सारखेच दिसते.

'अजून नाही' आणि 'कधीच नाही' यांतला फरक आपल्या वाचकांना कुणी शिकवायला नको. कचेरीच्या खिडकीवर ज्याचा अर्ज नामंजूर झाला, तो निदान चप्पल घालून घरी जातो, दुसरे दार शोधतो. ज्याला 'पुढच्या आठवड्यात या' असे सांगितले जाते आणि ज्याच्या अर्जावर निर्णय आधीच झालेला असतो, त्याची रोजी बुडते, उमेद जाते आणि शेवटी तो स्वतःलाच दोष देऊ लागतो. नकार कठोर असतो, पण त्यात माणसाची कदर असते. मौनात ती नसते. खेळासारख्या हलक्याफुलक्या गोष्टीला आम्ही हे वजन का देतो, असे कुणी विचारील. नकार न देता रांगेत उभे ठेवण्याची सवय मुलाला पहिल्यांदा खेळातच लागणार असेल, तर ते वजन आम्ही दिलेले नाही, ते तिथे आहेच.

पुढची पायरी याहून बोलकी आहे. २०२१ साली झाशियन आणि झामाझेंटा यांचे वेगळ्या रंगातले रूप कंपनीनेच वाटले. ठराविक काळात, अनेक ठिकाणी ठराविक दुकानांतून, सांकेतिक क्रमांकाच्या रूपाने. २०२२ मध्ये इटर्नेटसचेही तसेच झाले. म्हणजे कथेच्या गरजेपोटी रंग रोखला होता, हे समर्थन इथे अपुरे पडते. रंग होता, तयार होता, फक्त तो कुणी, कधी, कुठून घ्यायचा हे वरून ठरणार होते. ज्याचे गाव त्या दुकानापासून दूर, ज्याला बातमी उशिरा कळली किंवा जो तेव्हा जन्मलाच नव्हता, त्याची चिठ्ठी डब्यात पडलीच नाही. जो रंग नसिबाचा होता तो इजाजतीचा झाला. नसीब कुणाला देते, कुणाला देत नाही, पण ते माणसाला आपल्या दारी सलाम करायला बोलावत नाही. इजाजत बोलावते.

याचा एक परिणाम खुद्द खेळावर झाला. रंग खेळाच्या पोटात असतो, चित्र तयार असते. म्हणून काही जण बाहेरच्या साधनांनी तो बाहेर काढतात आणि असे बनावट जीव अदलाबदलीत फिरू लागतात. मग समोरच्या मुलाकडचा जीव खरा की खोटा, ही शंका आली. मित्राच्या नशिबाला दाद देण्याऐवजी त्याच्याकडे पुरावा मागितला जाऊ लागला. ज्या खेळाचा जन्म मुलांनी आपापल्या पेट्या उघडून एकमेकांना किडे दाखवावेत या आनंदातून झाला, त्या खेळात ही पाळी यावी, याचे आम्हाला वाईट वाटते.

न मिळणाऱ्या जीवाची ओढ आपल्या परंपरेला नवी नाही. गालिबच्या दिवाणातल्या पहिल्याच गझलेत अनका येतो, ज्याचे नाव सर्वांना ठाऊक आणि जो कुणाच्याच जाळ्यात सापडत नाही. फरीदुद्दीन अत्तार यांच्या पक्ष्यांच्या काव्यात सीमुर्गाचे एक पीस चीनमध्ये पडते आणि जो तो त्या पिसाची आपापल्या परीने चित्रे काढतो. चित्र सर्वांकडे, पक्षी कुणाकडेच नाही. पण त्या काव्यात सात दऱ्या ओलांडून तीस पक्षी दाराशी पोहोचतात, तेव्हा आधी त्यांना तोंडावर सांगितले जाते की परत जा. ते जात नाहीत, आणि मग दार उघडते. नकार आहे, पण तो बोललेला आहे. चिकाटीला उत्तर आहे. न मिळणारी वस्तू माणसाला लहान करत नाही. मिळेल असे भासवून न देणे त्याला लहान करते.

म्हणून या खेळाविषयीचे आमचे मत असे आहे. दुर्मीळ रंग ही या खेळाची सर्वांत सुंदर कल्पना आहे, कारण तिने मुलांना शिकवले की जग सर्वांना सारखे देत नाही, पण चिठ्ठी सर्वांची सारखीच टाकता येते. कथेसाठी रंग रोखायचा असेल, तर लेखकाने तो जरूर रोखावा. त्या जागी एक ओळ लिहावी: 'हा असाच भेटेल.' मूल ती वाचील, क्षणभर हिरमुसेल आणि पुढच्या रानात निघून जाईल. एवढी एक ओळ लिहायला ना पैसा लागतो, ना यंत्रशक्ती. लागते ती समोरच्या मुलाच्या वेळेची कदर. २०१० पासूनच्या या मोठ्या, देखण्या खेळांत आम्हाला उणीव जाणवली ती तिचीच.