वॉल्डनकाठचा लाकूडतोड्या

साध्या राहणीवर प्रवचन करण्याची वेळ आली की आम्हां धर्मगुरूंच्या हाती दोन-चार ठरावीक पुस्तके येतात. हेन्री डेव्हिड थोरो (१८१७–१८६२) ह्या अमेरिकन लेखकाचे ‘वॉल्डन’ हे त्यांतलेच एक. सेमिनरीत असताना आम्ही ते प्रथम वाचले आणि त्या वयाला साजेसे भारावूनही गेलो. मराठी वाचकांना ते दुर्गाबाई भागवत ह्यांच्या ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ ह्या अनुवादामुळे परिचित आहे. गेल्या प्रायश्चित्तकाळात ह्याच पुस्तकाचा आधार घेऊन आम्ही काटकसरीवर बोललो. मिस्सा आटोपल्यावर एक माता मंडपात भेटली आणि म्हणाली, “फादर, प्रवचन छान झालं. पण तुम्हांला पोरांची फी भरावी लागत नाही ना!” ती हसतच बोलली, परंतु घाव वर्मी लागला. त्या रात्री आम्ही पुस्तक पुन्हा उघडले, आणि ह्या वेळी ते निराळे दिसले.

पुस्तकाचा विषय सर्वश्रुत आहे. ४ जुलै १८४५ रोजी थोरो मॅसॅच्युसेट्समधील कॉन्कर्ड गावाजवळच्या वॉल्डन तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या झोपडीत राहावयास गेला आणि सप्टेंबर १८४७ मध्ये परतला. १८५४ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. झोपडी दहा फूट रुंद, पंधरा फूट लांब. खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट. फळ्या, खिळे, चुना, सारा हिशेब त्याने मांडला आहे. पहिले प्रदीर्घ प्रकरण हेच ह्या ग्रंथाचे बळ, असे आमचे मत आहे. वस्तूची खरी किंमत पैशांत नव्हे, तर ती मिळविण्यासाठी खर्ची पडलेल्या आयुष्यात मोजावी, हा त्याचा विचार लग्नासाठी आणि पहिल्या कम्युनियनच्या जेवणावळीसाठी कर्ज काढणाऱ्या आमच्या कुटुंबांनी हप्त्यांच्या वहीशेजारी ठेवावा, इतका मोलाचा आहे.

तथापि हिशेब तपासणाऱ्याने तो पुरता तपासावा. त्याच वहीत थोरो सांगून जातो की, कपड्यांची धुलाई आणि शिवण बहुतांशी घराबाहेर होत असे आणि त्यांचे बिल अद्याप आलेले नाही! आमच्या वाचक भगिनी ह्या ठिकाणी थांबून हसतील. जमीन मित्र इमर्सनची, कुऱ्हाड उसनी मागून आणलेली. वर्षातून सहा आठवडे काम केले की निर्वाह होतो, हा शोध एकट्या अविवाहिताचा. ह्यात पाप काहीच नाही. आम्हीही त्याच पंक्तीत बसतो. परंतु अशा माणसाने प्रापंचिकाला उपदेश करू लागताच काय घडते, ते पुस्तकातच पाहावयास मिळते.

‘बेकर फार्म’ ह्या प्रकरणात थोरो पावसापासून आसरा घेण्यासाठी जॉन फील्ड ह्या आयरिश मजुराच्या गळक्या घरात शिरतो. बायको, मुले, मांडीवरचे तान्हे, खोलीत हिंडणाऱ्या कोंबड्या. फील्ड शेजारच्या शेतकऱ्याची दलदलीची जमीन एकरी दहा डॉलरने खणून देत असे. थोरो त्याला समजावतो की चहा, कॉफी, लोणी, दूध, ताजे मांस सोडले, तर एवढे राबावे लागणार नाही. नवरा सुस्कारा टाकतो, बायको कमरेवर हात ठेवून पाहत राहते. त्या मातेने काय सोडावयाचे होते? बालकाचे दूध? १८४५ सालीच आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडून भीषण दुष्काळाला प्रारंभ झाला होता. त्या देशातून आलेल्या माणसाला ताटात मांस आणि लोणी असणे म्हणजे काय वाटत असेल, हा प्रश्न थोरोला शिवलाही नाही. त्या घरचे गढूळ पाणी मात्र तो यजमानांचा मान राखून डोळे मिटून पितो. त्या प्रकरणातला आम्हांला आवडलेला तो एकच थोरो.

आता आम्हां धर्मगुरूंना झोंबणारा भाग. ‘भेटीस येणारे’ ह्या प्रकरणात अठ्ठावीस वर्षांचा एक कॅनडियन लाकूडतोड्या येतो. दिवसाला पन्नास खांबांना भोके पाडणारा, कमरेला कॉफीची बाटली लटकवून हिंडणारा, हसता हसता जमिनीवर लोळणारा. जेवायला बसला की चिमण्यांएवढी रानपाखरे त्याच्या हातावर बसून बटाटा टोचीत. एवढा संतुष्ट माणूस साऱ्या ग्रंथात दुसरा नाही, हे थोरोही जवळजवळ कबूल करतो. लगेच म्हणतो की त्याच्यातला आध्यात्मिक मनुष्य बालकासारखा निद्रिस्त आहे, आणि ठपका ठेवतो कॅथलिक धर्मगुरूंच्या भाबड्या, निष्फळ शिकवणीवर.

आरोप सर्वस्वी खोटा, असे आम्ही म्हणणार नाही. प्रश्नोत्तरे घोकून घेण्यात आमचीही उमर गेली आहे. पण त्याच पानांवर थोरो लिहितो की, दूरच्या त्या धर्मग्रामातील एका धर्मगुरूनेच ह्या मुलाला नव्या करारातले वचन ग्रीकमध्ये वाचावयास शिकविले. म्हणूनच थोरो होमर वाचून दाखवू लागतो, तेव्हा पुस्तक ह्याच्या हाती असते! आणि त्या वेळी त्याच्या काखेत पांढऱ्या ओकच्या सालीचा मोठा भारा असतो. रविवारच्या सकाळी एका आजारी माणसासाठी गोळा केलेला. आज रविवारी असे काम केल्यास हरकत नसावी ना, अशी शंकाही त्याला येते. हा निद्रिस्त आत्मा? थोरोने सारे पाहिले, प्रामाणिकपणे नोंदलेही, आणि निष्कर्ष मात्र आधीच ठरविलेला काढला. समीक्षक म्हणून आमची मुख्य तक्रार हीच आहे.

ह्याच लाकूडतोड्याविषयी एक तपशील तो ओझरता देऊन पुढे जातो. कधीकधी रस्त्याकडेच्या बर्फात त्याला सुंदर अक्षरांत, फ्रेंच स्वरचिन्हासकट, एक नाव लिहिलेले आढळे; त्यावरून तो कॅनडियन इकडून गेला हे कळत असे. ते नाव त्याच्या जन्मगावच्या धर्मग्रामाचे होते.