एकाक्षरी शब्दांचे साम्य आणि भाषांचे नाते

मराठीत ‘मी’ म्हणजे बोलणारा स्वतः. जपानी भाषेत ‘मी’ ह्याच उच्चाराचा एक शब्द ‘शरीर’ आणि त्यावरून ‘स्वतः’ ह्या अर्थी आहे; दुसऱ्या ‘मी’चा अर्थ फळ, तर तिसऱ्याचा तीन. प्रमाण चिनी भाषेत एका सुरात उच्चारलेला ‘मी’ म्हणजे तांदूळ आणि दुसऱ्या सुरात उच्चारलेला ‘मी’ म्हणजे मध. मराठी, जपानी आणि चिनी ह्या तीन भाषा तीन निरनिराळ्या भाषाकुलांतील आहेत. असे असता वरील यादी वाचणाऱ्याचे लक्ष तांदळावर किंवा तीन ह्या संख्येवर ठरत नाही. ते ‘शरीर, स्वतः’ ह्या एका अर्थावर जाऊन खिळते. मराठी ‘मी’ आणि जपानी ‘मी’ यांचे मूळ एकच असले पाहिजे, अशी शंका मनात येते. उरलेले चार अर्थ मात्र विसरले जातात. व्युत्पत्तिविचारातील एका फार जुन्या दोषाचा उगम ह्या विसरण्यात आहे.

ह्या शंकेला दुजोरा देणारा दुसरा पुरावाही सहज सापडतो. जपानी वाक्याच्या शेवटी ‘का’ जोडला की वाक्य प्रश्नार्थक होते. ‘इकिमासु’ म्हणजे ‘जातो’ किंवा ‘जाणार’. ‘इकिमासु का’ म्हणजे ‘जाणार का?’. येथे उच्चार, अर्थ आणि वाक्यातील स्थान ही तिन्ही जुळतात. तथापि मराठी ‘का’ संस्कृतातील ‘किम्’ ह्या सर्वनामाच्या परिवारातील आहे. जपानी ‘का’ त्या भाषेच्या सर्वांत जुन्या ग्रंथांतही अव्यय म्हणून आढळतो आणि संस्कृताशी त्याचा संबंध दाखविता येत नाही. शिवाय जपानीत ‘का’ म्हणजे डासही होतो, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

अशी साम्ये घडतात कशी, ह्याचे उत्तर साध्या गणितात आहे. एखाद्या भाषेत १५ व्यंजने आणि ५ स्वर आहेत व तिचे प्रत्येक अक्षर एक व्यंजन व एक स्वर मिळून होते, असे समजू. अशा भाषेत केवळ ७५ एकाक्षरी शब्दरूपे संभवतात. द्व्यक्षरी रूपे ५,६२५ होतात आणि त्र्यक्षरी रूपे ४,२१,८७५. सूर वगळल्यास प्रमाण चिनी भाषेतील निरनिराळी अक्षरे सुमारे ४०० भरतात. अशा दोन भाषा शेजारी ठेवल्या तर त्यांचे एकाक्षरी शब्द उच्चाराने जुळणे हे आश्चर्य नसून अपरिहार्य आहे. ह्या जुळणाऱ्या जोड्यांपैकी बहुतेकांचे अर्थ भिन्न असणार आणि थोड्यांचे अर्थ जवळ येणार, हेही तितकेच अपरिहार्य आहे. म्हणून समानार्थी जोड्यांची यादी कितीही आकर्षक असली, तरी त्याच दोन भाषांतील भिन्नार्थी जोड्यांची यादी तिच्या शेजारी मांडल्यावाचून तिचे मोल ठरत नाही. भिन्नार्थी साम्य हा समानार्थी साम्याचा मापदंड होय.

ह्या मापदंडाचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘सु’. संस्कृतात ‘सु’ म्हणजे चांगले. तुर्कीत ‘सु’ म्हणजे पाणी. स्पेन व फ्रान्स यांच्या सीमेवरील बास्क भाषेत ‘सु’ म्हणजे अग्नी. जपानीत ‘सु’ म्हणजे शिरका, तसेच पक्ष्याचे घरटे. एकाच उच्चाराने एका भाषेत पाणी आणि दुसरीत अग्नी दर्शवावा, ह्यात कोणताही गूढार्थ नाही. अक्षरांचा साठा लहान आणि सांगावयाच्या वस्तू अगणित, एवढाच त्याचा अर्थ आहे.

शिवाय हे साम्य दिसते तितके पूर्ण नसते. त्याचा काही भाग लिपीने निर्माण केलेला असतो. देवनागरीत चिनी भाषेतील दोन्ही ‘मी’ सारखेच लिहिले जातात. पण त्यांचे सूर भिन्न असल्यामुळे चिनी कानाला ते दोन स्वतंत्र शब्द ऐकू येतात. बास्क ‘स’ उच्चारताना जिभेचे टोक वर उचलले जाते. तो तुर्की ‘स’ नव्हे. साम्याचा दुसरा भाग काळाने निर्माण केलेला असतो. आठव्या शतकातील ओर्खोन शिलालेखांत पाण्यासाठी असलेला तुर्की शब्द ‘सुब’ असा आहे. अंत्य व्यंजन झिजल्यावरच तो ‘सु’ झाला. त्याच शतकातील जपानी ग्रंथांत शरीरवाचक ‘मी’ आणि संख्यावाचक ‘मी’ यांचे लेखन दोन वेगळ्या चिन्हगटांनी केलेले आहे. म्हणजे त्या काळी त्यांचे उच्चारही वेगळे होते, हे हाशिमोतो शिन्किची यांच्या संशोधनाने प्रस्थापित झाले. मराठी ‘मी’देखील मूळचा एकाक्षरी नाही. संस्कृत ‘मया’ ह्या तृतीयेच्या रूपापासून प्राकृत ‘मइ’च्या वाटेने तो आला आहे. तात्पर्य, आज एकरूप दिसणारे हे शब्द हजार-दीड हजार वर्षांपूर्वी एकरूप नव्हते. जे साम्य मागे जाता जाता नाहीसे होते, त्यावरून समान पूर्वज सिद्ध करणे म्हणजे दोन वृद्धांचे केस पांढरे झाले म्हणून त्यांना भाऊ ठरविणे होय.

मग नाते सिद्ध होते ते कशाने? ह्याचे उत्तर महाराष्ट्राच्या दक्षिण सीमेवरच मिळते. तमिळमध्ये ‘पू’ म्हणजे फूल. मराठीत ‘पू’ म्हणजे जखमेतील स्राव. तो संस्कृत ‘पूय’पासून आला आहे. येथे रूप तेच असूनही नाते मुळीच नाही. कानडीत फुलाला ‘हू’ किंवा ‘हूवु’ म्हणतात. ‘पू’ आणि ‘हू’ एकरूप नाहीत. तरी त्यांचे नाते निर्विवाद आहे, कारण ही जोडी एकटी नाही. तमिळ ‘पाल्’ (दूध), ‘पुलि’ (वाघ), ‘पत्तु’ (दहा) यांच्यासमोर कानडीत ‘हालु’, ‘हुलि’, ‘हत्तु’ हे शब्द उभे राहतात, आणि जुन्या कानडीत ह्या शब्दांच्या आरंभी प-कारच होता. नाते सिद्ध होते ते अशा नियमित ध्वनिसंवादाने. आर्मेनियन ‘एर्कु’ (दोन) आणि संस्कृत ‘द्वौ’ यांच्यात कानाला काहीही समान लागत नाही. तरी त्यांचे मूळ एक आहे, हे फ्रेंच पंडित मेये यांनी ध्वनिनियमांच्या आधारे दाखविले.

आरंभीच्या यादीतील एका ‘मी’चा मराठीशी खरोखर संबंध आहे, पण तो शरीरवाचक ‘मी’ नव्हे. चिनी भाषेतील मधवाचक ‘मी’चा जुना उच्चार ‘मित्’ असा होता. मध्य आशियातील तोखारी भाषेत मधाला ‘मित्’ म्हणत, आणि चिनी शब्द तेथूनच उसना घेतला गेला असे विद्वान मानतात. तोखारी ही संस्कृताच्याच कुलातील भाषा असल्यामुळे तिचा ‘मित्’ संस्कृत ‘मधु’चा सगोत्र ठरतो. म्हणजे चिनी ‘मी’चे नाते मराठी ‘मी’शी नसून मराठी ‘मध’ ह्या शब्दाशी आहे. कान ज्या जोडीकडे बोट दाखवितो तेथे काही नाही, आणि जेथे काही आहे तेथे कान मुका राहतो.

ही कसोटी प्रत्यक्ष संशोधनाला लावून पाहणे उद्बोधक ठरेल. जपानचे नामांकित भाषापंडित ओनो सुसुमु यांनी १९८० च्या सुमारास तमिळ व जपानी यांचे नाते प्रतिपादन करण्यास आरंभ केला आणि पुढे त्याला कृषिसंस्कृतीची व सणांची जोड दिली. ओनो यांनी केवळ वरवरचे साम्य मांडले असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांनी ध्वनिसंवादांची कोष्टकेही दिली आहेत. परंतु लहान शब्द आणि सैल अर्थ एकत्र आले की कोष्टक भरणे अवघड राहत नाही. ‘शरीर’वरून ‘स्वतः’ आणि ‘स्वतः’वरून ‘मी’ असा प्रवास मान्य केला, तर मराठी-जपानी कोष्टकही उभे करता येईल. जपानमधील व बाहेरील अनेक तज्ज्ञांनी हा सिद्धान्त स्वीकारला नाही, ह्याचे एक कारण हेच आहे. जुळलेल्या शब्दांबरोबर न जुळलेल्यांचा हिशेब दिल्यावाचून असा पक्ष सिद्ध होत नाही.

मराठीच्या अभ्यासात हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. मराठीवर द्राविडी भाषांचा संस्कार झाला आहे, हा पक्ष भक्कम आधारांवर उभा राहू शकतो. ऐकणाऱ्याला वगळणारा ‘आम्ही’ आणि त्याला सामावून घेणारा ‘आपण’ हा भेद संस्कृतात नाही. तमिळमधील ‘नाङ्गळ्’ व ‘नाम्’ यांत तो आहे. ‘अण्णा’ आणि ‘अक्का’ हे शब्द कानडीत एका व्यवस्थेचे घटक आहेत: थोरला तो ‘अण्ण’, धाकटा तो ‘तम्म’, थोरली ती ‘अक्क’, धाकटी ती ‘तंगी’. येथे पुरावा सुट्या अक्षराचा नसून व्यवस्थेचा आहे. व्यवस्था सोडून केवळ नातेवाचक उच्चार घेतले तर काय होते, ते ‘मामा’ ह्या शब्दावरून दिसते: मराठीत तो आईचा भाऊ, तर जॉर्जियन भाषेत तो वडील. असे शब्द बालकाच्या बोबड्या बोलांतून जगभर स्वतंत्रपणे उत्पन्न होतात, हे रोमान याकोब्सन यांनी दाखविले आहे.

तरीही ग्रामनामांतील, देवतानामांतील वा जातिनामांतील एखादे अक्षर उचलून त्यावर वंशाचा इतिहास रचण्याचा मोह अभ्यासकांना होतो. त्यामुळे होणारी हानी दुहेरी आहे. खोटे नाते खरे मानले जाते, ही पहिली. आणि खोटे उघडकीस आल्यावर त्याच्याबरोबर मांडलेले खरे नातेही संशयास्पद ठरते, ही अधिक गंभीर. ‘पू’ वा ‘का’ यांसारख्या साक्षीदारांवर विसंबलेला पक्ष उलटतपासणीत टिकत नाही. मग ‘आम्ही’ व ‘आपण’ यांची साक्ष ऐकावयास कोणी थांबत नाही. म्हणून एकाक्षरी शब्दाचे साम्य आढळले असता अभ्यासकाने प्रथम त्या शब्दाचे जुने रूप शोधावे, नंतर त्या साम्याला नियमित जोडीदार आहेत की नाहीत हे पाहावे, आणि शेवटी तोच उच्चार त्या भाषेत आणखी कोणकोणत्या अर्थांनी नांदतो ह्याची पूर्ण यादी द्यावी. ती यादी दिली की बहुतेक चमत्कार आपोआप ओसरतात. जे उरतात, तेवढेच इतिहासाच्या उपयोगाचे असतात.