हळदीची लढाई जिंकली, जखमेचा धडा राहून गेला

दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, शाळाशाळांतून होणाऱ्या भाषणांत एक गोष्ट हमखास ऐकू येते. अमेरिकेने आपल्या हळदीचे पेटंट पळवले आणि डॉ. रघुनाथ माशेलकरांनी ते परत आणले! गोष्टीचा गाभा खरा आहे आणि ती स्फूर्तिदायकही आहे. पण ती ज्या तऱ्हेने सांगितली जाते, त्याविषयी आमची तक्रार आहे. विज्ञान जिथे सुरू व्हायला हवे, नेमकी तिथेच ती संपते.

आधी घटना नीट पाहू. मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील दोघा भारतीय वंशाच्या संशोधकांना ‘जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर’ यावर अमेरिकेत पेटंट मिळाले. डॉ. माशेलकर त्यानंतर वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक झाले. परिषदेने १९९६ मध्ये हरकत घेतली आणि ३२ लेखी पुरावे पुढे ठेवले. त्यांत १९५३ साली भारतीय वैद्यकीय नियतकालिकात छापलेला एक निबंधही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंटमधील दावे फेटाळले गेले. म्हणजे पेटंट कोणी ‘परत आणले’ नाही, ते रद्द झाले.

कशावरून रद्द झाले? तर ‘ही गोष्ट नवी नाही’ या कारणावरून. हळदीने जखम खरोखर लवकर भरते का, हा प्रश्न तिथे निकालासाठी नव्हताच. ‘हे आधीपासून माहीत होते’ आणि ‘हे खरे आहे’ ही दोन वेगळी विधाने आहेत. आपल्या भाषणांत पहिल्याच्या जोरावर दुसरे सिद्ध झाले असे मानले जाते. दुसऱ्याकडे वळायचे तर जखमेत काय घडते ते समजून घ्यावे लागते.

त्वचा कापली की रक्त साकळते. त्याच वेळी फाटलेल्या त्वचापेशींतून इंटरल्यूकिन-१ हे प्रथिन बाहेर पडते. पेशींनी ते आधीच तयार ठेवलेले असते. धोक्याची घंटाच म्हणा ना. मग रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे जमतात आणि टीएनएफसारखे आणखी संदेश सोडतात. लाली, सूज, ऊब, ठणका हा सगळा दाह त्यातूनच येतो. हे संदेश जखमेच्या कडेच्या त्वचापेशींपर्यंत पोहोचतात. तिथे एनएफ-कप्पा-बी नावाचे प्रथिन पेशीकेंद्रकात शिरते आणि काही जनुके चालू करते. त्यांतली काही जनुके प्रथिने कापणाऱ्या विकरांची असतात.

भरून येणाऱ्या जखमेत कापाकापी कशासाठी? नव्या त्वचापेशींना खपलीखालून सरकत जखम झाकायची असते. पण खालच्या कोलॅजेनच्या जाळ्याला त्या चिकटून बसतात. विकर कोलॅजेनला छेद देते. शरीराच्या उबेत तुकडे सैल होतात, पकड सुटते आणि पेशी पुढे सरकते. जखम झाकली गेली की उघड्या कोलॅजेनचा स्पर्श संपतो आणि हे विकर तयार होणेही थांबते. हे विकर पहिल्यांदा १९६२ मध्ये सापडले, तेही बेडकाच्या पिल्लाच्या विरघळणाऱ्या शेपटीत!

हे विकर निष्क्रिय रूपात जन्मते आणि त्याला आवर घालणारी प्रथिनेही शरीरातच असतात. तोल ढळला की घोटाळा होतो. मधुमेही रुग्णांच्या चिघळलेल्या जखमांत ही विकरे अती होतात आणि नवे बांधकामही कापत सुटतात. उलट स्टेरॉइडने दाह फार दाबला, तर जखम भरायला उशीर लागतो. तेव्हा ‘दाह वाईट, दाहशामक चांगले’ हे आपले सोपे समीकरण चुकीचे आहे.

आता हळद. तिच्यातील कर्क्युमिन हे रसायन एनएफ-कप्पा-बीला अडवते, हे १९९५ मध्येच प्रयोगशाळेतील पेशींवर दिसले. उंदीर आणि गिनीपिग यांच्या जखमांवरही अनुकूल परिणाम आढळले. मग प्रश्न उरतो तो हा: कोणत्या दिवशी, किती, कोणत्या जखमेवर? हळदपुडीत कर्क्युमिन शेकडा तीनच्या आसपास असते, ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि टिकतही नाही. २०१७ मध्ये रसायनशास्त्रज्ञांनी घेतलेल्या एका आढाव्याचा निष्कर्ष असा की, कर्क्युमिनचा गुण माणसांवरील काटेकोर चाचण्यांत सिद्ध झालेला नाही. याचा अर्थ आजी खोटे बोलत होती असा नव्हे. तिचे निरीक्षण हा प्रश्न आहे, उत्तर नव्हे.

हा वाद केवळ शब्दांचा नाही. आमच्या भूम तालुक्यात खव्याच्या भट्ट्या आहेत. उकळत्या कढईशी काम करणाऱ्याचा हात पोळला की घरातला हळदीचा डबा उघडला जातो. पोळलेल्या जागी आधी हवे ते साधे गार, वाहते पाणी, वीसेक मिनिटे. आणि भाजणे मोठे असेल तर दवाखाना. डब्यातली पूड निर्जंतुक नसते. वर्गात केलेला ‘हळद जंतुनाशक’ हा एका ओळीचा उच्चार अशा वेळी महागात पडू शकतो.

शिक्षकांना आमची सूचना साधी आहे. जिलेटिनच्या जेलीच्या एका तुकड्यावर कच्च्या पपईचा रस घाला, दुसऱ्यावर तोच रस उकळून गार करून घाला. एक तुकडा विरघळेल, दुसरा विरघळणार नाही. विकर म्हणजे काय, ते मुलांना डोळ्यांनी दिसेल. मग जखमेची गोष्ट सांगा आणि त्यानंतर पेटंटची. परिषदेने ३२ पुरावे गोळा करून लढाई जिंकली, घोषणा देऊन नव्हे. तीच शिस्त आपण हळदीच्या गुणांनाही लावली, तर त्या विजयाचा खरा मान राखला असे होईल.