मूर कुठे गेला?

सातारा-सांगलीकडच्या माणसांनी शेक्सपिअर फार लवकर मराठीत आणला. कराडजवळच्या टेंभूचे आगरकर यांचे ‘हॅम्लेट’वरून केलेले ‘विकारविलसित’ १८८३चे, तर सांगलीजवळच्या हरिपूरचे देवल यांचे ‘ऑथेल्लो’वरून रचलेले ‘झुंझारराव’ १८९०चे. मूळचा मूर तिथे मराठी नावाचा वीर झाला आणि राहिला तो संशय. देवलांना दोष नाही; त्यांना मराठी प्रेक्षकांपुढे नाटक उभे करायचे होते. आमची तक्रार आहे ती महाविद्यालयाच्या वर्गाविषयी. तिथे मूळ इंग्रजी संहिता हातात असूनही मूर गळतो. फळ्यावर ‘मत्सर’ येतो, गाइडमध्ये ‘नायकाचा स्वभावदोष’ अधोरेखित होतो आणि परीक्षेपुरता ऑथेल्लो संपतो.

संहिता नीट वाचा. पहिला प्रवेश सगळा या माणसाविषयीच आहे, पण त्याचे नाव कुणी घेत नाही. मूर, जाड ओठांचा, एवढेच. दुसऱ्या प्रवेशात तो समोर उभा राहतो, तरी नाव नाहीच. तिसऱ्यात ड्यूक प्रथम ‘ऑथेल्लो’ म्हणतो आणि त्याच वाक्यात त्याला तुर्कांवर धाडायचे ठरवतो. गरज पडली तेव्हा नाव आठवले!

ऑथेल्लो मुसलमान नाही, बाप्तिस्मा झालेला ख्रिस्ती आहे. दुखणे तिथेच आहे. धर्म बदलला, व्हेनिससाठी लढला, तरी ‘मूर’ पुसले जात नाही. स्वतःला भोसकून घेतानाही तो, व्हेनिसची निंदा करणाऱ्या एका तुर्काला आपण कसे मारले होते, ते सांगतो. मरतानाही निष्ठेचा पुरावा! क्रिकेटच्या सामन्यानंतर आपल्याकडे वळणाऱ्या नजरा ज्याने पाहिल्या आहेत, त्या विद्यार्थ्याला याची फोड करून सांगावी लागत नाही. शिवाय हा मूर निव्वळ कल्पनेतला नव्हता. १६०० मध्ये मोरोक्कोच्या सुलतानाचा वकील अब्दुल वाहिद लंडनमध्ये काही महिने राहून गेला. नाटक त्यानंतरच्या चारेक वर्षांतले. एवढे सांगायला तासातली किती मिनिटे लागतात?

मात्र ‘आपला माणूस’ म्हणून ऑथेल्लोची पाठराखण करणारे वाचनही आम्हाला नको. तलाकच्या प्रश्नावर तशी पाठराखण आपल्या समाजात पुष्कळ झाली. डेस्डिमोनाचा जीव त्यानेच घेतला, तिचे काही ऐकून न घेता. आमच्या मुली हे नाटक वाचताना एमिलियापाशी थांबतात. नवऱ्याविरुद्ध सगळ्यांसमोर खरे बोलते आणि त्याच्याच हातून मरते ती. वर्गात तिच्या वाट्याला फार तर ‘टीप लिहा’ येते.